गोगलगाय, पोटात पाय आणि पाठीवर चोरीचा दारूगोळा

बालाघाट म्हटलं की पुण्या-मुंबईच्या वाचकाला मराठवाड्यातली डोंगररांग आठवते. आपण बोलतोय ते गोंदियाच्या वरच्या अंगाला असलेल्या, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याबद्दल. चिन्नोर तांदूळ, भरवेलीचं मँगनीज आणि कान्हाचं जंगल ही त्याची ओळख. समुद्र मात्र इथून कुठल्याही दिशेला ५०० किलोमीटरच्या पलीकडेच.

पण या जिल्ह्याच्या पाण्याची गंमत पाहा. बैहरच्या पठारावर पडलेला पाऊस बंजर नदीतून मंडल्याला नर्मदेत जातो आणि भडोचच्या पुढे अरबी समुद्राला मिळतो. खाली वारासिवनीच्या धानाच्या बांध्यांत पडलेला पाऊस वैनगंगा धरतो, मग प्राणहिता, मग गोदावरी, आणि पोहोचतो बंगालच्या उपसागरात. एकाच जिल्ह्याचं पाणी दोन्ही समुद्रांना! आणि त्या दोन्ही किनाऱ्यांवर, खडकांच्या फटीत आणि ओल्या वाळूत, एक असा जीव राहतो की ज्याच्या करामती ऐकून तोंडात बोट घालावं: समुद्री गोगलगाय. इंग्रजीत तिला ‘सी स्लग’ म्हणतात.

शंख? तो लहानपणी होता

पावसाळ्यात परसात दिसणारी बिनशंखाची गोगलगाय सगळ्यांना माहीत आहे. समुद्री गोगलगाय तिची लांबची नातेवाईक. अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा तिच्या पिल्लाला चक्क इवलासा शंख असतो. पाण्यात तरंगत ते पिल्लू योग्य जागा शोधतं, तळाला टेकतं, आणि बहुतेक जातींमध्ये तो शंख कायमचा टाकून देतं. काही जातींत तो पातळ होऊन शरीराच्या आत दडलेला राहतो.

शंख गेला म्हणजे संरक्षण गेलं. मऊ, लिबलिबीत, संथ. धड दिसतही नाही, कारण डोळ्यांना जेमतेम उजेड-अंधार कळतो. अशा जीवाने समुद्रात दोन दिवस तरी टिकावं कसं? याच प्रश्नाच्या उत्तरात तिच्या सगळ्या करामती आहेत. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ असं आपण ज्या वरून गरीब दिसणाऱ्या माणसाबद्दल म्हणतो, त्याच्यापेक्षा ही म्हण हिला जास्त शोभते.

मुंबईच्या नावाची

एका समुद्री गोगलगाईच्या नावात थेट मुंबई आहे. एच. सी. विंकवर्थ या अभ्यासकाने १९४६ साली मुंबईच्या किनाऱ्यावरच्या रंगीत गोगलगाईंवर लंडनच्या मॅलॅकॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला आणि एका नव्या जातीला ‘बॉम्बेयाना’ नाव दिलं. आज तिचं शास्त्रीय नाव आहे ‘गोनिओब्रँकस बॉम्बेयानस’. त्याच लेखात दुसरी एक जात आली, ‘ट्रायमार्जिनाटा’, म्हणजे तीन किनारींची. पैठणीला एक काठ पुरतो, हिला तीन लागतात.

या कुळातल्या गोगलगाई अंगाने चपट्या, लांबट. डोक्यावर दोन शिंगं, पण ती टोचायला नाहीत, वास घ्यायला आहेत. पाण्यात विरघळलेला भक्ष्याचा, जोडीदाराचा वास त्या शिंगांनी टिपतात. श्वासाचे कल्ले मात्र शरीरात दडवलेले नाहीत, ते पाठीच्या मागच्या टोकाला फुलासारखे उघड्यावर. बोटाची सावली जरी पडली तरी ते फूल झटकन आत ओढलं जातं आणि त्या जागी एक बारीक छिद्र उरतं. थोडं थांबलं की पाकळ्या हळूहळू, एकेक करून पुन्हा बाहेर येतात. एवढा एक प्रकार पाहण्यासाठी तासभर ओल्या खडकावर बसावं लागलं तरी बसावं, असं मी म्हणेन.

आणि ते झगझगीत रंग? ती धोक्याची पाटी आहे. या कुळातल्या गोगलगाई विषारी स्पंज खातात आणि त्यातलं विष स्वतःच्या अंगात साठवतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याच कुळातल्या पाच जाती तपासल्या तेव्हा २०१६ साली एक मजेदार गोष्ट पुढे आली. खाल्लेल्या अनेक रसायनांमधून सगळ्यात जहाल तेवढं निवडून ते अंगाच्या कडेला साठवलेलं होतं. मासा आधी तिथेच तोंड लावणार, हे जणू ठरवूनच!

पवार-शिंदे आणि जिवंत दारूगोळा

२०२० साली मुकेश भराटे, विनिशियस पादुला, दीपक आपटे आणि गौरव शिंपी यांनी पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरून ‘क्रॅटेना’ वंशाच्या दोन नव्या जाती जगापुढे मांडल्या. एक ‘क्रॅटेना पोशित्राएन्सिस’, कच्छच्या आखाताच्या काठच्या पोशित्रा गावावरून. आणि दुसरीचं नाव वाचताना मराठी माणूस हमखास थबकणार: ‘क्रॅटेना पवारशिंदेओरम’. लॅटिन शेपटीच्या आत अस्सल पवार आणि शिंदे!

नावाइतकाच तिच्या वंशाचा उद्योगही भारी. क्रॅटेनाच्या पाठीवर बोटांसारख्या मऊ उंचवट्यांचे झुबके असतात. तिचं खाणं म्हणजे हायड्रॉइड, म्हणजे खडकावर झुडपासारखे वाढणारे, जेलीफिशच्या नात्यातले चिमुकले प्राणी. या हायड्रॉइडांच्या अंगात विषाच्या सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत एक गुंडाळलेला दोरा. जरा धक्का लागला की दोरा सुटतो आणि शत्रूला टोचतो.

गोगलगाय हायड्रॉइड खाते, तेव्हा या सगळ्या कुप्या फुटत नाहीत. ज्या अजून पिकलेल्या नाहीत त्या तिच्या पोटातून न पचता पुढे सरकतात, पाठीवरच्या बोटांच्या टोकांशी असलेल्या खास पिशव्यांत पोहोचतात आणि तिथे तयार होतात. मग कुणी मासा तिला चावला की त्याच्या तोंडात फुटतो तो दुसऱ्याकडून उचललेला दारूगोळा. स्वतः एक कुपी बनवायची नाही, आणि फौजफाटा तयार!

तिच्या भूमध्य समुद्रातल्या चुलत बहिणीने, ‘क्रॅटेना पेरेग्रिना’ने, आणखी कमाल केली. ब्रिटनच्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या ट्रेव्हर विलिस यांच्या गटाने २०१७ साली दाखवून दिलं की ही गोगलगाय उपाशी हायड्रॉइडपेक्षा नुकताच जेवलेला हायड्रॉइड पसंत करते. हायड्रॉइडने पकडलेले बारीक जीव त्याच्या पोटात असतानाच त्याला गट्टम करायचं. एका घासात दोन जेवणं. तिच्या आहाराचा जवळजवळ निम्मा भाग असा दुसऱ्याने पकडलेल्या शिकारीतून येतो. निसर्गात शिकार हिसकावणारे पुष्कळ आहेत, पण शिकारीसकट शिकारीच गिळणारी ही तऱ्हा एवढी निराळी होती की शास्त्रज्ञांना तिच्यासाठी नवा शब्द घडवावा लागला.

पाठीवर डोळे

मुंबई-कोकणच्या खडकांवर ओहोटीला सगळ्यात सहज भेटणारी म्हणजे ‘ऑन्किडियम’. खडबडीत, शेवाळी-तपकिरी, खडकाचाच तुकडा वाटावी अशी. काटेकोर बोलायचं तर ती रंगीत समुद्री गोगलगाईंच्या कुळातली नाही. हवेत श्वास घेते, पाणी ओसरलं की चरायला बाहेर पडते आणि भरती यायच्या आत फटीत परतते. पण तिच्या पाठीवरच्या फोडांवर इवले डोळे असतात! डोक्यावरचे दोन वेगळे, पाठीवरचे वेगळे. वरून बगळ्याची सावली सरकली तर पाठीलाच कळतं.

वैनगंगेत का नाही?

बालाघाटच्या शाळकरी पोराने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. वैनगंगेत शंख आहेत, शिंपले आहेत, मग समुद्री गोगलगाय का नाही? कारण मीठ. तिच्या अंगातलं पाणी साधारण समुद्राइतकंच खारट असतं आणि ते प्रमाण सांभाळण्याची सोय बहुतेक जातींकडे नाही. गोड्या पाण्यात टाकली तर पाणी अंगात घुसत राहतं आणि ती मरते. परसातल्या गोगलगाईवर मीठ टाकलं की तिचं नेमकं उलट होतं, अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. (ते करू नये. फार हाल होतात तिचे.)

अपवाद आहेत, पण मोजके. ‘अकोक्लिडियम’ वंशाच्या काही जाती इंडोनेशिया, फिजी, सॉलोमन अशा बेटांवरच्या ओढ्यांत, गोड्या पाण्यात राहतात. म्हणजे समुद्र सोडून नदीत चढण्याची वाट या घराण्याला अगदीच अनोळखी नाही.

आणि समुद्रही एकदा आपल्या बाजूला येऊन गेलाय. सिवनीच्या पलीकडे छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाचं गाव आहे. तिथे काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या, समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय जीवांची सूक्ष्म कवचं सापडली. गेर्टा केलर, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हा शोध मांडला. डायनोसॉर संपले त्या सुमारास समुद्राची एक चिंचोळी जीभ मध्य भारतात इतक्या आतपर्यंत पोहोचली होती, असा त्याचा अर्थ. आज पाहिलं तर चहूबाजूला सागवान आणि मका.

डोकं वेगळं, धड वेगळं

आता जरा जगाची चक्कर मारू.

जपानच्या नारा महिला विद्यापीठात सायाका मितोह समुद्री गोगलगाई पाळत होत्या. एके दिवशी त्यांना ‘एलिसिया’ वंशाच्या एका गोगलगाईचं नुसतं डोकं टाकीत फिरताना दिसलं. धड बाजूला पडलेलं. डोकं मेलं नाही. काही तासांतच शेवाळ खायला लागलं. हृदय धडाबरोबर गेलेलं, तरी आठवड्याभरात नवं हृदय उगवलं आणि तीन आठवड्यांच्या आसपास अख्खं नवं शरीर. मितोह आणि त्यांचे मार्गदर्शक योइची युसा यांनी हे २०२१ साली प्रसिद्ध केलं. पाल शेपूट टाकते याचं आपल्याला कौतुक. हिने तर डोकं तेवढं ठेवून बाकी सगळं टाकलं! अंगात शिरलेल्या परजीवींपासून सुटका करून घेण्यासाठी ती हे करत असावी, असा संशोधकांचा कयास आहे.

पण हृदय नाही, पचनाची बरीचशी व्यवस्था धडात राहिली, मग इतके दिवस डोकं जगलं कशावर? त्याचं संभाव्य उत्तर एलिसियाच्या हिरव्या रंगात आहे. ती शेवाळ खाते आणि त्यातले हरितद्रव्याचे कण पचवून टाकण्याऐवजी स्वतःच्या पेशींत जपून ठेवते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची ‘एलिसिया क्लोरोटिका’ हे कण कित्येक महिने टिकवते. दिसते हुबेहूब हिरव्या पानासारखी. एलिसियाच्या जाती भारताच्या किनाऱ्यावरही आहेत.

जपानमध्येच आणखी एक प्रकार नोंदला गेला, आणि तो मुंबईच्या बॉम्बेयानसच्याच वंशातला. बहुतेक समुद्री गोगलगाईंत नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येक जण दोन्ही असतो. २०१३ मध्ये या वंशातल्या एका जातीत दिसलं की समागम झाल्यावर ती आपलं नर-इंद्रिय गाळून टाकते आणि २४ तासांत दुसरं तयार करते. सगळा साठा आत गुंडाळूनच ठेवलेला असतो.

थोडक्यात आणखी दोन. १८२६ साली एडिनबर्गमध्ये रॉबर्ट ग्रँट यांनी बरणीतल्या समुद्री गोगलगाईंचा टिणटिण आवाज ऐकल्याची नोंद केली. तरुण चार्ल्स डार्विन तेव्हा त्याच गावात शिकत होता. आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘मेलिबी लिओनिना’ला पाण्याबाहेर काढलं की उन्हाळ्यात टरबूज कापल्यासारखा गोडसर वास येतो.

वैनगंगेचं पाणी जिथे पोहोचतं तिथे

पूर्व किनाऱ्याची कथा विशाखापट्टणमला सुरू होते. मद्रास सरकारच्या सेवेतले वॉल्टर एलियट यांनी त्या बाजूला गोगलगाई गोळा केल्या, त्यांची रंगीत चित्रं करून घेतली आणि ती सगळी सामग्री इंग्लंडला गेली. तिथे ऑल्डर आणि हॅनकॉक या जोडीने १८६४ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. त्यातली सगळ्यात देखणी म्हणजे ‘कलिंगा ऑर्नाटा’. नाव कलिंग देशाचं, अंगावर रंगीत गाठींची आरास, आणि अंधारात डिवचली तर अंगातून प्रकाश सोडते.

त्याच उपसागराच्या वरच्या टोकाला अलीकडे एक पाहुणी सापडली. जानेवारी २०२४ मध्ये बातमी आली की भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम बंगालमधलं दिघा आणि शेजारचं ओडिशातलं उदयपूर इथल्या किनाऱ्यावर नवी जात शोधली. तिला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचं नाव दिलं: ‘मेलॅनोक्लॅमिस द्रौपदी’. लांबी फार तर ७ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढी. रंग तपकिरी-काळा, मागच्या टोकाला एक माणकासारखा लाल ठिपका. ती ओल्या वाळूच्या खालून सरकते आणि अंगाभोवती चिकट द्रवाचं पातळ आवरण करते, म्हणजे वाळूचे कण अंगाला चिकटत नाहीत. तिच्या वंशातल्या बहुतेक जाती थंड-समशीतोष्ण पाण्यातल्या. उष्ण कटिबंधात राहणाऱ्या फार थोड्या, त्यात आता आपल्या उपसागराच्या दोन: द्रौपदी आणि तिच्या आधी सापडलेली ‘बेंगालेन्सिस’.

याच सर्वेक्षणाचं मध्य भारताचं केंद्र जबलपूरला आहे, बालाघाटपासून एका गाडीच्या अंतरावर. प्राणिशास्त्र शिकणाऱ्या इथल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवायला हवं.

ठिपक्यांची गोगलगाय आणि कर्करोग

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सोलिमाबी वाहिदुल्ला आणि सी. जी. नाईक यांनी इटलीच्या शास्त्रज्ञांबरोबर ‘जोरुना फ्युनेब्रिस’ या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या गोगलगाईवर काम केलं. ती तामिळनाडूतल्या मंडपमची. तिच्यातून निघालेल्या रसायनाला ‘जोरुमायसिन’ नाव मिळालं आणि कर्करोगाच्या पेशींविरुद्ध ते प्रभावी ठरतं, हे २००० साली प्रसिद्ध झालं. पुढे त्याच्याच धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेलं औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलं.

दुसरी एक कहाणी तर थेट दवाखान्यात पोहोचली आहे. ‘डोलाबेला’ ही समुद्री सशांच्या गटातली गोगलगाय. अमेरिकेतले जॉर्ज पेटिट यांनी मॉरिशसजवळ १९७२ मध्ये ती गोळा केली. तिच्यातलं ‘डोलास्टॅटिन १०’ हे द्रव्य इतकं अल्प होतं की त्याची रचना उलगडून जाहीर करायला १९८७ उजाडलं. त्यावरून घडवलेल्या रसायनाचं औषध, ‘ब्रेंटुक्सिमॅब वेडोटिन’, २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झालं आणि हॉजकिन लिम्फोमाच्या रुग्णांना आज ते दिलं जातं. पुढे कळलं की ते द्रव्य मुळात गोगलगाय बनवतच नाही. ती ज्या सूक्ष्म निळ्या-हिरव्या जीवाणूंवर चरते, त्यांचं ते. इथेही उचलेगिरीच! पण या उचलेगिरीने माणसं वाचली.

आपण आठवणी कशा साठवतो, हेही बरंचसं एका समुद्री सशाने शिकवलं. ‘अप्लिसिया’च्या मज्जासंस्थेत जेमतेम २०,००० पेशी, त्यातल्या काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांना दिसाव्यात. तिला हळूच शिवलं की ती कल्ले आत घेते. पुन्हा पुन्हा शिवलं की दुर्लक्ष करायला शिकते. शेपटीला धक्का दिला की पुढे कितीतरी वेळ सावध राहते. एरिक कँडेल यांनी या एवढ्या साध्या वागण्यामागे पेशींत काय बदलतं ते शोधलं आणि २००० सालचं नोबेल मिळवलं.

पाहायचं तर कधी, कुठे?

गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली तर सकाळी मुंबई. गिरगाव, हाजी अली, वांद्र्याचा कार्टर रोड, जुहूच्या बाजूचे खडक, या गजबजलेल्या जागांच्या पायथ्याशीच ओहोटीला पाण्याची डबकी उघडी पडतात आणि त्यांत हे जग असतं. याच पट्ट्यात, वरळी-हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या काही वसाहती २०२० मध्ये कोस्टल रोडसाठी उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. प्रवाळ हलवता येतं. पण खडकाच्या एका फटीतला हायड्रॉइड, त्याच्यावर जगणारी गोगलगाय आणि तिची फितीसारखी गुंडाळलेली अंडी हा सगळा संसार कोण हलवणार? म्हणून हे खडक आहेत तिथेच राहायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. अजून तर आपल्या समुद्री गोगलगाईंची मोजदादही पुरी झालेली नाही. दीपक आपटे यांनी २००९ मध्ये लक्षद्वीपची यादी मांडली, तेव्हा एकाच लेखात ४० जाती भारतासाठी नव्या निघाल्या होत्या.

२०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर घेऊन जातो. त्यांच्याबरोबर गेलेलं उत्तम. स्वतः जायचं तर कोळीवाड्यातला जुना हिशेब आहे: पक्षातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे साडेसातच्या आसपास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं; तेच दिवस निवडावेत. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावं आणि पाणी वळलं की लगेच मागे फिरावं. शेवाळावर पाय सरकतो, तेव्हा पकड असलेले बूट हवेत. दगड उचलून पाहिला तर जसा होता तसाच अलगद परत ठेवावा, गोगलगाईला हात लावू नये, आणि फोटो काढताना तिच्या कल्ल्यांचं फूल पुन्हा उमलेपर्यंत थांबावं.